काळ्या रानात रुंद टायर?

प्रश्न : माझी स्प्लेंडर आहे. पावसाळ्यात पांदणीनं शेताकडे जाताना मागचं चाक सरकतं. दुकानदार म्हणतो, मागं १००/९०-१८ टाका, पकड वाढेल. टाकू का?
– एक शेतकरी वाचक, उमरी (जि. नांदेड)

उत्तर : टाकू नका. तुमच्या गाडीचा टायर ८०/१००-१८ आहे. म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, आणि रिम १८ इंची. १००/९० घेतला की रुंदी १०० आणि उंची ९० होते. चाकाचा व्यास २० मिलिमीटरनं वाढतो. एका फेऱ्यात गाडी सुमारे तीन टक्के जास्त पुढं जाते, म्हणून चिखलातून उठताना इंजिनाची ओढ तेवढीच कमी पडते. शिवाय गाडीची मागची बाजू सेंटीमीटरभर वर येते, पुढचे शॉकअप थोडे उभे होतात आणि हँडल जरा चंचल होतं.

पण मुख्य अडचण रिमची आहे. तुमची रिम साधारण १.६ इंच रुंद, आणि १००/९० ला दोन इंचांहून जास्त रुंद रिम लागते. अरुंद रिमवर टायरच्या कडा आत ओढल्या जातात नि माथा फुगीर होतो. सरळ चालताना जमिनीला टेकणारा पट्टा रुंद टायर घालूनही रुंद होत नाही. वळणावर बाजूच्या भिंती वाकतात आणि गाडी लहरते. घासाघाशीची भीती वेगळीच. चेनकव्हर आणि मागचा चिमटा यांच्यामधली जागा मूळ टायरच्या मापानंच ठेवलेली असते.

आता तुमची पांदण. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वरचा थर साबणासारखा होतो. अरुंद टायर तो थर कापून खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि जास्त चिखल उचलतो. तो चिखल मडगार्डात साचून चाक जाम होतं, हे उमरी-धर्माबाद भागातल्या कुणालाही सांगायला नको. घसरणं कमी करायचं तर माप तेच ठेवा, नक्षी बदला. त्याच मापात खोल नक्षीचे टायर मिळतात. पूर्ण बटन टायर मात्र, नांदेडला रोज डांबरी रस्त्यानं जात असाल, तर घेऊ नका. ओल्या डांबरावर त्याचे सुटे ठोकळे कमी टेकतात आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

एक गोष्ट फार जण विसरतात, म्हणून आग्रहानं सांगतो. स्प्लेंडरला पुढं-मागं माप एकच असलं तरी टायर एकच नसतो. मापाशेजारी पुढच्यावर ४७ आणि मागच्यावर ५४ असा आकडा असतो. तो वजनाचा संकेत आहे : ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. मागचा झिजला म्हणून पुढचा काढून मागं घालू नका. मागं बायको, लेकरू आणि खताचं पोतं बसतं, तेव्हा हा फरक जिवावर बेततो. हवाही एकट्याची वेगळी, दोघांची वेगळी असते. आकडे गाडीच्या पुस्तकात आहेत.

रुंद टायर घेतला असेल पण चढवला नसेल, तर परत करा. चढवला असेल, तर आजच चेनकव्हर काढा आणि आतल्या बाजूला घासल्याची चमक दिसते का, ते बघा.