जुनी मोटर-सायकल आणि हातानें घडविलेले भाग



जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार म्हणजे त्यास रंग देऊन चकचकीत करणें, अशी पुष्कळांची समजूत असते. रंग हा त्या कामाचा शेवट आहे, आरंभ नव्हे. चाळीस-पन्नास वर्षें एखाद्या छपराखालीं पडून राहिलेली मोटर-सायकल जेव्हां कारागिराच्या हातीं येते, तेव्हां तिचे कांहीं भाग झिजलेले असतात, कांहीं गंजून एकजीव झालेले असतात आणि कांहीं मुळीं जागेवरच नसतात. ते भाग बाजारांत मिळत असले तर प्रश्न केवळ पैशाचा असतो; मिळत नसले तर तो ज्ञानाचा होतो. न मिळणारा भाग मोजून, रेखाटून आणि लेथवर कातून स्वतः घडविण्याची जी विद्या, तिचा थोडासा परिचय या लेखांत करून द्यावयाचा आहे.

उदाहरणासाठीं आपण बी. एस. ए. कारखान्याची ‘एम्. २०’ ही गाडी घेऊं. हा कारखाना इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील बंदुका करणाऱ्या कारागिरांनीं १८६१ सालीं एकत्र येऊन काढला. हातानें केलेल्या दोन बंदुकांचे भाग एकमेकींस बसत नसत. यंत्रानें केलेल्या बंदुकांचे भाग अदलाबदल करतां यावेत, हा त्यांचा उद्देश होता. पुढें त्याच कारखान्यांत सायकली व मोटर-सायकली होऊं लागल्या. एम्. २० ही गाडी १९३७ सालीं निघाली आणि १९५५ पर्यंत होत होती. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यास या जातीच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या पुरविण्यांत आल्या. नोव्हेंबर १९४० मध्यें शत्रूच्या विमानांनीं त्या कारखान्यावर बाँब टाकले व त्रेपन्न कामगार मृत्युमुखीं पडले. तरीहि काम थांबलें नाहीं. युद्ध संपल्यावर सैन्यास नकोशा झालेल्या गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांतील कांहीं आपल्याहि देशांत राहिल्या. या गाडीचे पुष्कळ भाग इंग्लंडांतील लहान लहान कारखाने अद्याप करून विकतात. पण हवा तो भाग हव्या त्या मापाचा मिळेलच असें नाहीं. तेथें लेथ आणि कानस यांचा आश्रय करावा लागतो.

मोजमाप

या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर व दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ९४ मिलिमीटर आहे. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढण्याची रीत आपणांस ठाऊक आहेच. ४१ चा वर्ग १६८१. त्यास ३·१४१६ नें गुणिलें असतां सुमारें ५२८१ चौरस मिलिमीटर येतात. त्यास ९४ नें गुणिलें म्हणजे सुमारें ४,९६,४०० घन मिलिमीटर, अर्थात् ४९६ घन सेंटिमीटर होतात. पुस्तकांत या इंजिनाचें माप ४९६ असेंच दिलेलें आहे. परंतु हें माप गाडी नवी असतांनाचें झालें. आज ती कशी आहे, हें पुस्तक सांगूं शकत नाहीं. तें मायक्रोमीटरासच विचारावें लागतें.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. दट्ट्याचीं कडीं जेथवर चढतात त्या वरच्या टोकाजवळ तो अधिक झिजतो, आणि दट्ट्या ज्या बाजूंस रेलतो त्या बाजूंस अधिक झिजून किंचित् लंबवर्तुळाकार होतो. म्हणून वर, मध्यें आणि खालीं, तसेंच उभें व आडवें, अशीं निदान सहा मापें घेतात. ज्यानें एकच माप घेतलें त्यानें कांहींच मोजलें नाहीं, असें समजावें.

येथें एक महत्त्वाचा नियम ध्यानांत ठेवावा. झिजलेला भाग आपलें मूळ माप लपवितो. त्यावरून हुबेहूब नक्कल केली तर नवा भागहि जन्मतःच झिजलेला होईल. म्हणून चतुर कारागीर त्या भागावर न झिजलेली जागा शोधतो. पुढल्या चाकाचा चिमटा ज्या आंसांवर हलतो, त्या आंसाचा फिरता भाग झिजलेला असला तरी पट्टींत घट्ट बसणारें टोंक बहुधा जसेंच्या तसें असतें. तें पाहून मूळ माप कळतें. मग कागदावर आकृति काढून तींत प्रत्येक माप लिहितात. आकृति काढल्यावांचून लेथ सुरू करूं नये; कारण कापलेली धातु परत चिकटत नाहीं.

बुश आणि हजारावा भाग

सर्वांत सोपा आणि सर्वांत शिकविणारा भाग म्हणजे बुश. आंस ज्या भोकांत फिरतो त्या भोकांत बसविलेली मऊ धातूची नळी, तोच बुश. तो फॉस्फर-ब्राँझ नांवाच्या मिश्रधातूचा करतात. पोलादी आंस महाग व करावयास कठीण, बुश स्वस्त व सोपा. म्हणून झीज व्हावयाची ती बुशाची व्हावी, अशी ही योजना आहे.

सुतार सुतांत मोजतो, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. येथें मोजावयाचें तें इंचाच्या हजाराव्या भागांत. माणसाचा केस अशा दोन-तीन भागांइतका जाड असतो. बुशाचा बाहेरचा व्यास एक इंच असेल, तर तो ज्या भोकांत दाबून बसवावयाचा त्याहून सुमारें एक हजारांश मोठा ठेवतात. म्हणजे तो घट्ट बसून फिरत नाहीं. उलट आंतलें भोक आंसापेक्षां तितकेंच मोठें ठेवतात, कारण त्या फटींत तेल किंवा ग्रीज राहिलें पाहिजे. एका केसाहून बारीक अंतरानें एक भाग घट्ट होतो व दुसरा मोकळा होतो.

शिवाय, बुश दाबून बसविला म्हणजे त्याचें आंतलें भोक किंचित् आवळतें. म्हणून तें आधींच पुरतें कातून ठेवीत नाहींत. थोडें लहान ठेवून, बुश जागेवर बसल्यावर रीमर नांवाच्या हत्यारानें शेवटचें माप साधतात. कामांतील क्रम हाहि कौशल्याचाच भाग आहे, हें यावरून दिसेल.

आट्यांचें गणित

नवशिका कारागीर ज्या ठिकाणीं हमखास फसतो, तें ठिकाण म्हणजे आटे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांस एक निश्चित प्रमाण लावून दिलें. त्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. सायकलींसाठीं पुढें निराळे बारीक आटे ठरले. त्यांचा कोन ६० अंश असून बहुतेक मापांत एका इंचांत २६ आटे असतात. जुन्या इंग्रजी मोटर-सायकलींवर हे दोन्ही प्रकार आढळतात.

आतां समजा, पाव इंची सायकल-आट्याच्या भोकांत कोणी आजचा सहा मिलिमीटरचा बोल्ट घातला. कोन दोहोंचा ६० अंश. एका आट्याची लांबी एकीकडे एक मिलिमीटर, दुसरीकडे २५·४ भागिले २६, म्हणजे सुमारें ०·९७७ मिलिमीटर. फरक इतका अल्प कीं बोल्ट आंत जातो आणि काम झालें असें वाटतें. परंतु दहा आट्यांत हा फरक जवळजवळ पाव मिलिमीटर होतो, आणि पाव इंच म्हणजे ६·३५ मिलिमीटर असल्यामुळें बोल्ट भोकापेक्षां बारीकहि असतो. सर्व आट्यांनीं वाहावयाचा भार एक-दोन आट्यांवर पडतो, आणि एके दिवशीं भर वेगांत ते आटे सुटतात.

मग मिलिमीटरच्या लेथवर इंची आटे पाडावयाचे कसे? १९५९ सालीं प्रमुख इंग्रजी भाषिक राष्ट्रांनीं एक इंच म्हणजे बरोबर २५·४ मिलिमीटर असें ठरविलें. २५·४ हाच अपूर्णांक १२७ छेद ५ असा लिहितां येतो. १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे अवयव पडत नाहींत. म्हणून लेथच्या चक्रमालेंत १२७ दात्यांचें एक चक्र घातल्यावांचून हें गुणोत्तर बिनचूक साधत नाहीं. वर्गांत अवयव पाडीत असतां ‘याचा उपयोग काय?’ असें विचारणाऱ्यांनीं हें चक्र एकदां अवश्य पाहावें.

पोलादास पाणी देणें

चिमट्याचा आंस केवळ मापाचा असून भागत नाहीं. तो बाहेरून कठीण हवा, म्हणजे झिजणार नाहीं. आणि आंतून चिवट हवा, म्हणजे खड्ड्यांत आपटतांना मोडणार नाहीं. हे दोन गुण एकमेकांचे वैरी आहेत. आपल्याकडील लोहार विळ्यास ‘पाणी देतो’, म्हणजे लाल तापवून पाण्यांत बुडवितो, तें पातें कठीण करण्यासाठीं. परंतु सारा आंस तसा कठीण केला तर तो कांचेसारखा ठिसूळ होईल.

यावरील युक्ति जुनी व सुंदर आहे. आंस कमी कार्बनाच्या मऊ पोलादाचा करतात. मग तो हाडांच्या कोळशासह लोखंडी पेटींत ठेवून, पेटीचें तोंड मातीनें लिंपून, सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत कांहीं तास राखतात. कोळशांतील कार्बन पोलादाच्या कातडींत सुमारें एक मिलिमीटरपर्यंत शिरतो. नंतर पाणी दिलें असतां तेवढी कातडीच कठीण होते, गाभा चिवट राहतो. कातडी नीट कठीण झाली कीं नाहीं, हें पाहावयास कानस लावावी. ती घसरली तर काम साधलें, चावली तर फसलें. या तापविण्यांत आंस किंचित् वांकतो, म्हणून कातण्याच्या वेळीं दोन-चार हजारांश अधिक ठेवून शेवटीं सहाणेच्या चक्रावर तो मापास आणतात.

एका कारागिराची चिकाटी

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकास इनव्हरकार्गिल गांव आहे. तेथील बर्ट मन्रो यानें १९२० सालीं ‘इंडियन स्काउट’ नांवाची ६०० घन सेंटिमीटरची अमेरिकन मोटर-सायकल घेतली. नवी असतां तिचा वेग ताशीं सुमारें ५५ मैल होता. मन्रोजवळ पैसा थोडा होता. त्यानें जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत दट्टे ओतले; दट्ट्यास जोडणारे दांडे ट्रॅक्टरच्या आंसाच्या पोलादांतून काढले. असे भाग वारंवार फुटत. ते फेंकून न देतां तो फळीवर मांडून ठेवी, आणि ‘वेगदेवतेस अर्पण’ अशा अर्थाची पाटी त्यानें तेथें लाविली होती. सत्तेचाळीस वर्षांच्या खटपटीनंतर, १९६७ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर त्याच गाडीनें ताशीं १८४ मैलांचा विक्रम केला. इंजिन तोंवर वाढवून ९५० घन सेंटिमीटरचें झालें होतें.

मन्रोचे दट्टे कां फुटत, याचें एक कारण आपणांसहि समजण्याजोगें आहे. ॲल्युमिनियम हें बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. ८२ मिलिमीटरचा दट्ट्या २०० अंशांनीं तापला तर सुमारें ०·३८ मिलिमीटर वाढतो; बिडाचा सिलिंडर तितकाच तापला तरी ०·१८ नेंच वाढेल. फट अगोदर ठेविली नाहीं तर दट्ट्या धांवतां धांवतां आंत जखडून बसतो. माथा अधिक तापतो, म्हणून दट्ट्या वर किंचित् निमुळता करतात. थंड असतां सैल वाटणारा दट्ट्याच तापल्यावर बरोबर बसतो.

कारागिराचें दायित्व

मन्रो आपल्या घडविलेल्या भागांवर स्वतःच बसून धांवला. पण बहुतेक गाड्यांवर दुसरा कोणी बसतो, कदाचित् त्याच्या पाठीमागें त्याचें मूलहि. बुश वाईट झाला तर गाडी खडखडेल; ब्रेकचा दांडा अथवा चिमट्याचा आंस वाईट झाला तर माणूस जाईल. म्हणून ज्या पोलादाची जात ठाऊक नाहीं त्याचे असे भाग कधींहि करूं नयेत. जुना भाग परत बसविण्यापूर्वीं त्यांतील चीर शोधावी. तो रॉकेलमध्यें भिजवून, कोरडा पुसून, वर खडूची पूड पसरावी. चीर असेल तर तींतील तेल पाझरून पांढऱ्या पुडींत काळी रेघ उमटते. दुसरी सूचना आरोग्याची. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत बहुधा ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर अनेक वर्षांनंतरहि कर्करोग होऊं शकतो. ती फुंकूं नये, झटकूं नये, कोरडी घासूं नये. तें काम जाणत्यावर सोंपवावें.

मूळ स्वरूपाचा मानहि राखावा. जो भाग दुरुस्त होतो तो बदलूं नये. बदललेला जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. इंजिनावरील व साट्यावरील ठोकलेल्या अंकांस कानस लावूं नये. २०२१ सालीं भारत सरकारनें मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती करून, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. साटा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेल्या गाडीस ती मिळत नाहीं. म्हणजे प्रामाणिक काम हें आतां कायद्याच्या दृष्टीनेंहि हिताचें झालें आहे.

पालकांस एक विनंति. मुलगा अथवा मुलगी जुनें कुलूप, शिवणयंत्र किंवा सायकलीचें चाक खोलून बसली, तर काळ्या झालेल्या हातांबद्दल रागें भरूं नये. खोललेला प्रत्येक भाग ओळीनें मांडावयास, मोजून वहींत लिहावयास, आणि जेथून काढला तेथेंच परत बसवावयास मात्र अवश्य सांगावें. बुश एकदां आंत बसला म्हणजे बाहेरून कोणास दिसत नाहीं. तो बरोबर आहे कीं नाहीं, हें घडविणाऱ्यालाच ठाऊक असतें. आणि न दिसणाऱ्या जागींहि माप चुकूं न देणें, हाच या विद्येचा पहिला व शेवटचा धडा होय.