ठिबकचा खरा खर्च किती? अनुदान, कागदपत्रे आणि कोटेशनमधल्या खाचाखोचा

‘८० टक्के शासनाचे, २० टक्के तुमचे’ हा हिशेब दुकानाच्या फलकावर छान दिसतो, पण तेवढ्यावर पैशांची जुळवाजुळव करू नका. अनुदान तुमच्या बिलावर मिळत नाही, शासनाने ठरवलेल्या मापदंडावर मिळते. बिल मापदंडापेक्षा जास्त आले की वरचा सगळा फरक तुमच्या खिशातून जातो. शिवाय चारी, लांबची पाइपलाइन, रोखलेल्या पैशांवरचे व्याज हे खर्च फलकावर कुठेच नसतात. सांगोला, जत, आटपाडी, माण, आष्टी अशा अवर्षणप्रवण तालुक्यांत ठिबकशिवाय बाग उभी राहत नाही. म्हणून संच बसवायचा की नाही यात वेळ न घालवता, पदरचे नेमके किती लागतील आणि ते कधी लागतील, एवढे आधी पाहू.

अनुदान किती, कशावर

तुमच्या आठ-अ उताऱ्यावर एकूण जमीन २ हेक्टरपर्यंत असेल तर तुम्ही अल्प किंवा अत्यल्प भूधारक. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ टक्के, असे एकूण ८० टक्के तुम्हाला मिळतात. जमीन २ हेक्टरच्या वर असेल तर ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ टक्के. लाभ जास्तीत जास्त ५ हेक्टरपर्यंत. एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्रावर ७ वर्षे पुन्हा मिळत नाही. दोन योजनांच्या रकमा एकाच दिवशी खात्यात येतीलच असे धरू नका.

हे टक्के कशाचे? केंद्राच्या २०२१च्या मापदंडात एक हेक्टरचा ग्राह्य खर्च असा आहे: १.२ × ०.६ मीटर अंतराला १,२७,५०१ रुपये, १.५ × १.५ मीटरला ९७,२४५ रुपये, ५ × ५ मीटरला ३९,३७८ रुपये. मापदंड अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून चालू वर्षाचा तक्ता मागून घ्या.

आता हिशेब करा. समजा, १.२ × ०.६ मीटर अंतराच्या एक हेक्टर ठिबकचे कोटेशन १,४५,००० रुपयांचे आले. ८० टक्के अनुदान निघते १,२७,५०१ वर, म्हणजे १,०२,००१ रुपये. तुमच्या वाट्याला राहिले ४२,९९९. हा बिलाचा जवळजवळ ३० टक्के भाग झाला. ७५ टक्केवाल्यांना अनुदान ९५,६२६ रुपये आणि स्वतःचे ४९,३७४, म्हणजे ३४ टक्के. दुकानदार ‘२० टक्के’ म्हणाला की लगेच विचारा: कोणत्या रकमेचे?

एकराचा हिशेब हेक्टरला सरळ अडीचने भागून करू नका. फिल्टर, व्हेंचुरी, विहिरीवरची जोडणी हा खर्च एक एकरालाही जवळपास तेवढाच येतो. लहान तुकड्याला एकरी खर्च जास्त पडतो.

कागदपत्रे

आधी शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे आणि नोंदणी मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

त्यानंतर हा गठ्ठा तयार ठेवा: सातबारा, आठ-अ, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, वीजबिलाची ताजी प्रत, अनुसूचित जाती-जमातीतील अर्जदारांसाठी जातीचा दाखला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. त्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. वीजबिल शून्य रकमेचे असले तरी त्याची प्रत काढा, कारण पंपाला कायमस्वरूपी जोडणी आहे हे त्यावरूनच दिसते.

अर्ज अडकतो तो साधारण या चार ठिकाणी:

विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर नाही. नोंद करून घ्या. तोवर स्वयंघोषणापत्र चालते का ते कार्यालयात विचारा.

खाते सामाईक आहे. भाऊ-बहिणींची, काकांची संमतीपत्रे लागतील. पुण्या-मुंबईत राहून गावची जमीन पाहणाऱ्यांचे काम बहुतेक इथेच रखडते. सुट्टीत सगळे गावी जमतील तेव्हाच सह्या घेऊन टाका.

जमीन भाडेपट्ट्याने घेतली आहे. किमान ७ वर्षांचा नोंदणीकृत करार हवा. तोंडी बटईवर काही मिळत नाही.

बँक खाते एक आणि आधारशी जोडलेले खाते दुसरेच. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. बँकेत जाऊन ‘डीबीटी कोणत्या खात्याला जोडलंय?’ एवढे विचारून या.

अर्ज कुठे, कसा, किती वेळात

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, ‘शेतकरी योजना’ या भागात. शुल्क २३ रुपये ६० पैसे. मोबाइलवरूनही भरता येतो. आपले सरकार केंद्रात किंवा सीएससीत भरून घेतला तर केंद्रचालकाचे पैसे वेगळे. ते आधी ठरवा आणि पावती घ्या. पासवर्ड मात्र स्वतःकडे ठेवा आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येईल असे बघा. नंबर केंद्रचालकाचा टाकला तर निवडीचा संदेश त्याच्याकडे जातो आणि कागदपत्रे चढवायची मुदत तुमच्या नकळत संपते.

पूर्वी सोडत निघत असे. २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आहे. अर्ज लवकर भरणे आता खरोखर कामाला येते. पिकाचे नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र मात्र सातबाऱ्याशी ताडून भरा, कारण दुरुस्तीत गेलेला वेळही तुमचाच.

पुढचा क्रम असा: निवडीचा संदेश, कागदपत्रे आणि कोटेशन चढवणे, पूर्वसंमती, खरेदी, जोडणी, बिल चढवणे, मोका तपासणी, अनुदान. यातला एक नियम मोडला तर सगळेच हातचे जाते: पूर्वसंमतीच्या आधी खरेदी करू नका. बिलावरची तारीख आधीची निघाली तर अर्ज बाद होऊ शकतो. ‘माल आत्ता न्या, बिलाची तारीख नंतर बघू’ असे कोणी म्हणाले तर दुसरे दुकान गाठा.

पूर्वसंमती मिळाली की ३० दिवसांत संच बसवून बिल चढवायचे असते. मजूर, चारी आणि पैसे यांची तजवीज त्याआधीच करा. शेतात पीक उभे असताना पूर्वसंमती आली तर चारी खोदता येत नाही, म्हणून अर्जाची वेळ दोन पिकांमधल्या मोकळ्या रानाचा अंदाज घेऊन साधा. मोका तपासणीला कृषी विभागाचा माणूस शेतात येतो, संच मोजतो आणि स्थळाच्या नोंदीसह फोटो काढतो. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि संच चालू करून दाखवा.

कोटेशन असे वाचा

किमान तीन वितरकांकडून कोटेशन घ्या. कंपनी आणि वितरक दोन्ही कृषी विभागाकडे नोंदणीकृत हवेत. यादी तालुक्याला मिळते. एकूण रकमेवर भाव करू नका, प्रत्येक ओळीचा दर मागा.

नळीची लांबी स्वतः तपासा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याला दोन ओळींतल्या अंतराने भागा. १.२ मीटर अंतराला सुमारे ३,३७० मीटर नळी लागते, १.५ मीटरला सुमारे २,७०० मीटर. कोटेशनमधला आकडा याहून बराच जास्त असेल तर कारण विचारा. बिलात जास्त आणि शेतात कमी, ही फसवणूक इथेच होते. माल आला की बंडले मोजा, बंडलावर छापलेली लांबी बघा, मगच पावतीवर सही करा.

आयएसआय चिन्ह आणि मानक क्रमांक नळीवर छापलेला असतो. ड्रिपर आतच बसवलेल्या इनलाइन नळीला आयएस १३४८८, साध्या लॅटरलला आयएस १२७८६, सुट्या ड्रिपरला आयएस १३४८७, पीव्हीसी पाइपला आयएस ४९८५. कोटेशनवर हे क्रमांक लिहून घ्या. ‘तसाच माल आहे, फक्त छाप नाही’ हे उत्तर मान्य करू नका, कारण छाप नसलेला माल तपासणीत नाकारला गेला तर अनुदान तुमचे बुडते.

जीएसटीची ओळ बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचावर ५ टक्के आहे. आधी १२ टक्के होता. सुट्या पीव्हीसी पाइपवर १८ टक्के. जुन्या दराने छापलेले कोटेशन कोणी पुढे केले तर नवे मागा.

फलकावर नसलेले खर्च

*चारी.* मेन आणि सबमेन पुरायला खोदाई लागते. मजूर किंवा जेसीबी बहुतेक वेळा तुमच्याकडे असतो. कोटेशनमध्ये ‘जोडणीसह’ लिहिले असेल तर त्यात चारी खोदणे आणि बुजवणे धरले आहे का, हे लेखी घ्या.

*लांबची पाइपलाइन.* मापदंडात ठरावीक लांबीची मेन लाइन धरलेली असते. विहीर बांधापलीकडे, दुसऱ्या गटात असेल तर वाढीव पाइप पूर्ण तुमच्या खर्चाचा. दुसऱ्याच्या रानातून पाइप नेत असाल तर त्याची लेखी संमती आधी घ्या.

*फिल्टर.* पैसे वाचवायला लोक पहिली काट इथेच मारतात, आणि नळ्या बुजायला सुरुवातही इथूनच होते. बोअरच्या पाण्यात वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन हवा. शेततळे, कालवा किंवा उघड्या विहिरीच्या शेवाळलेल्या पाण्याला वाळूचा फिल्टर हवा. नुसता जाळीचा किंवा डिस्क फिल्टर पाणी स्वच्छ असेल तरच पुरतो. आधी पाणी तपासून घ्या, मग फिल्टर ठरवा.

*पंप.* १.२ × ०.६ मीटर अंतराला एका एकरात सुमारे ५,६०० ड्रिपर बसतात. ताशी २ लिटरचे ड्रिपर असतील तर तासाला ११,२०० लिटर पाणी हवे, ४ लिटरचे असतील तर दुप्पट. तुमच्या पंपाचे पाणी मोजायला २०० लिटरचा पिंप घ्या. तो एका मिनिटात भरला तर ताशी १२,००० लिटर. दोन मिनिटे लागली तर ६,०००; मग एकराचे दोन भाग करून स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावे लागतील. मोजणी उन्हाळ्यात करा, पावसाळ्यातला आकडा तुम्हाला फसवेल. पाणी पुरत नसताना मोठा पंप घेण्याचा सल्ला मिळाला तर थांबा: पंप मोठा केल्याने बोअरला पाणी वाढत नाही.

*व्याज.* बऱ्याच ठिकाणी पूर्ण रक्कम आधी तुम्हीच भरता आणि अनुदान मागाहून येते. निधी उपलब्ध असेल तसे येते, कधी महिनोन्‌महिने लागतात. १ लाख रुपये ८ महिने अडकले, तर महिना २ टक्क्यांच्या उसनवारीने १६,००० रुपये व्याज होते. बँकेच्या वार्षिक १० टक्के कर्जाने तेच सुमारे ६,६७० रुपये. हात उसने घेण्याआधी बँकेत सिंचनासाठीच्या मुदत कर्जाची चौकशी करा. काही वितरक फक्त शेतकरी हिस्सा घेऊन माल देतात. तसे असेल तर अनुदान उशिरा आले किंवा नाकारले गेले तर उरलेली रक्कम कोणी भरायची, हे कागदावर घ्या.

*दरसालचा खर्च.* नळ्या धुणे, आम्ल प्रक्रिया, उंदीर-खारींनी कुरतडलेले तुकडे, तुटलेले जोड. क्षारयुक्त पाण्यात आम्ल प्रक्रिया टाळली तर ड्रिपर बुजतात. आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच ओतू नका, आणि हातमोजे घाला. वितरकाकडून विक्रीनंतरची सेवा किती वर्षे, किती भेटी आणि कोणत्या मोबदल्यात, हे बिलासोबतच लिहून घ्या.

या पळवाटांपासून लांब राहा

‘एक रुपयाही न भरता ठिबक.’ तुमचा हिस्सा कोणी दानधर्म म्हणून भरत नाही. तो हलक्या किंवा कमी मालातून वसूल होतो, आणि फुगवलेल्या बिलावर सही तुमची असते.

‘फक्त तपासणीपुरता संच पसरू.’ मोका झाला की माल परत. अनुदान वसूल होऊ शकते आणि त्या गटावर ७ वर्षे दुसरा संचही नाही.

‘साहेबांचे बघावे लागेल.’ मोका तपासणीला किंवा पूर्वसंमतीला कोणतेही शुल्क नाही. पैसे मागितले गेले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. नुसताच उशीर होत असेल तर अर्ज क्रमांकासह लेखी तक्रार आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

जोडीला आणखी काय मागता येईल

पाण्याचा साठाच नसेल तर आधी शेततळे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला ७५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दिवसा वीज मिळत नसेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’: सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, ५ एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. अनुसूचित जाती-जमातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती या योजनांतून ठिबकला जोड मिळते. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

अर्जाआधी एवढे लिहून काढा

एका कागदावर पाच आकडे मांडा: कोटेशनची रक्कम, मापदंडाची रक्कम, त्यावरचे अनुदान, चारी-पाइप-फिल्टरचा वरखर्च, आणि अनुदान येईपर्यंतचे व्याज. पहिल्यातून तिसरा वजा करा, त्यात चौथा आणि पाचवा मिळवा. तो आकडा आज हाताशी असेल तर अर्ज भरा. नसेल तर आधी अर्ध्या क्षेत्रावरच संच घ्या आणि उरलेल्या क्षेत्रासाठी पुढे वेगळा अर्ज करा. ७ वर्षांची अट लाभ घेतलेल्या क्षेत्रालाच लागू असते, त्यामुळे उरलेल्या रानाचा हक्क शिल्लक राहतो.