रक्ताचा रिपोर्ट आणि हृदयाचा अंदाज

टेंभी नाका असो की आणखी कुठे, धडधाकट माणूस म्हणतो, "मला काय झालंय? रक्त कशाला तपासू?" पण रक्तवाहिन्यांत चरबी साचते ती गुपचूप, वर्षानुवर्षे. एलडीएल कोलेस्टेरॉल आपण पाहतो. लिपोप्रोटीन-ए मात्र राहून जातं. ते मुख्यतः आनुवंशिक, म्हणून बहुधा आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरहून जास्त आलं, तर धोका वाढलेला समजतात. म्हणजे झटका येणारच असं नाही! हा आकडा व्यायामाने फारसा उतरत नाही. पण रक्तदाब, साखर, एलडीएल सांभाळणं, तंबाखू सोडणं आपल्या हातात आहे. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.