धमासा आणि जवासा : ओळख कशी करावी?

कोरडवाहू मुलखातील माळरानांवर व पडीक जमिनींत धमासा आणि जवासा ही दोन काटेरी झुडपे आढळतात. दोन्ही औषधी आहेत. परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत. दुरालभा व यवास या संस्कृत नावांची सरमिसळ जुनी असल्याने बाजारात एकाच्या जागी दुसरे विकले जाते. माल चुकीचा निघाल्यास तो परत येतो, मजुरी व गाडीभाडे अंगावर पडते, आणि नजरचुकीने खपल्यास रोग्याच्या पोटात भलतेच औषध जाते.

इराणी वैद्यकात जवाशाला ‘खार-ए-शुतुर’, म्हणजे उंटाचा काटा, असे म्हणतात. तेथे त्यावर साकळणारी गोड शर्करा ‘तुरंजबीन’ या नावाने सौम्य रेचक म्हणून देतात. आपल्याकडील जवाशावर ती सहसा मिळत नाही. म्हणून तिच्यावरून ओळख करू नये.

धमासा : हा गोखरूच्या कुळातील आहे. पाने समोरासमोर येतात. प्रत्येक पेरावर चार काटे असतात. फूल गुलाबी, पाच सुट्या पाकळ्यांचे; फळ पाच कंगोऱ्यांचे.

जवासा : हा हरभऱ्याच्या कुळातील आहे. पाने साधी व एकाआड एक. पानाच्या बगलेत एकच काटा असतो व त्यावरच वाटाण्याच्या फुलासारखी तांबूस फुले येतात. शेंग बियांच्या मधोमध आवळलेली असते. मुळे खोल जातात व त्यांतून नवे फुटवे येतात. म्हणून हे झुडूप शेतात शिरू देऊ नये.

वाळल्यावर पाने व फुले गळतात. काटे मात्र राहतात. म्हणून सुक्या मालातील दहा-बारा काड्या घेऊन पेरावरील काटे मोजावेत : चार असल्यास धमासा, एक असल्यास जवासा.

शंका राहिल्यास ग्रामसेवकांनी फूल व फळ असलेली डहाळी वर्तमानपत्रात दाबावी, कागद रोज बदलावा, आणि गाव, तारीख, जमीन, स्थानिक नाव व फुलाचा ताजा रंग लिहून ठेवावा. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो. असा नमुना जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञास दाखवावा. पुणे येथे १९५५ साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. नमुना ताडून पाहण्यास तो उपयोगी पडतो.

धमासा काढताना बी धरलेली काही झुडपे राखावीत. ओळख पटली तरी औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.