फ्यूजचे काय चुकले?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांत हात का घालावा, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ एकच उत्तर आहे : गाण्यासाठी! अल्लादियाखाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या या कोल्हापुरात सुरांचा नाद कोणाला नाही? माझ्या मित्राचा नाद गिटारचा. स्नेहसंमेलनासाठी आम्ही दोघांनी घरच्या घरी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. तसे काही जुने व्हॉल्व्ह मित्राच्या मामांनी डब्यात जपून ठेवले होते. दोन ईएल ८४, एक ईसीसी ८३ आणि रेक्टिफायर म्हणून ईझेड ८१. कंडेन्सरही त्याच डब्यातला.

पहिले चार दिवस अँप्लिफायर उत्तम वाजला. मग त्यातून ‘हम्म’ असा आवाज येऊ लागला आणि रोज वाढू लागला. जुन्या कंडेन्सरला शंभर मायक्रोफॅरडचा नवा जोडला की आवाज जाईल, असे आम्हाला वाटले. जोडला. रेक्टिफायरमध्ये निळी ठिणगी चमकली आणि फ्यूज गेला. नवा घातला, तोही गेला. संमेलन तीन दिवसांवर आलेले. शेवटी आम्ही फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली. या वेळी तार टिकली. पण ट्रान्सफॉर्मरमधून करपल्याचा वास येऊ लागला. धावत जाऊन प्लग ओढला.

शिवाजी पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध काका आहेत. ती तार पाहून ते म्हणाले, “काय रं पोरांनो, फ्यूजचं काय चुकलं होतं? त्यानं खरं सांगितलं, तर तुम्ही त्याचं तोंडच बंद केलंसा!”

येथे वीजपुरवठ्याचे काम थोडक्यात सांगतो. घरातील वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी. ट्रान्सफॉर्मर तिच्यापासून फिलामेंटसाठी ६.३ व्होल्ट आणि प्लेटसाठी २५०-०-२५० व्होल्ट देतो. रेक्टिफायर त्या उच्च दाबाच्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावतो. तरीही तिच्यात सेकंदाला १०० लाटा असतात. कंडेन्सर म्हणजे हौद. लाट आली की तो भरतो, ओसरली की साठ्यातून देतो. हौदाला गळती लागली की लाटा थेट स्पीकरपर्यंत पोचतात.

काकांनी प्रथम अँप्लिफायरच्या वाटेत १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे व्हॉल्व्ह काढून वीज दिली, तर बल्ब विझलेलाच. म्हणजे ट्रान्सफॉर्मर नशिबाने वाचला होता. मग दोन्ही कंडेन्सर सोडवून फक्त रेक्टिफायर बसवला. बल्ब जेमतेम लाल झाला, तोही ठीक. नवा कंडेन्सर जोडला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे हौद भरला.

प्लग काढून मित्राने आत हात घातला तोच काकांनी त्याचे मनगट घट्ट पकडले. मीटर लावला. वीज बंद होऊन दोन मिनिटे झाली होती, तरी काटा ३०० व्होल्टच्या वर! आमच्या तोंडचे पाणी पळाले. दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टन्स लावून त्यांनी कंडेन्सर रिकामा केला, काटा शून्यावर आलेला दाखवला आणि मगच मनगट सोडले. “मोजताना एक हात खिशात ठेवायचा,” ते म्हणाले, “म्हणजे वीज छातीतनं जायला वाट मिळत न्हाई.”

मग जुना कंडेन्सर जोडला. बल्ब भक्कन पेटला तो पेटूनच राहिला. चोर सापडला. वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिल्यास या कंडेन्सरच्या आतील ऑक्साइडचा पातळ थर खराब होतो आणि वीज गळू लागते. आमचा ‘उपाय’ही चुकीचाच होता. ईझेड ८१ नंतरचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा असू नये. नाहीतर तो भरताना रेक्टिफायरवर असह्य भार पडतो. म्हणून काकांनी दोन्ही काढून ४७ चा एकच नवा कंडेन्सर घातला.

मोठा आवाज गेला. एक बारीक, खर्जातला आवाज मात्र उरला. येथे संगीताचा कान कामी आला. कंडेन्सरच्या दोषाचा आवाज १०० आवर्तनांचा, म्हणजे गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याच्या स्वराजवळचा (तो ९८ चा). उरलेला आवाज त्याच्या बरोबर एक सप्तक खाली होता, म्हणजे ५० चा. तो रेक्टिफायरनंतरचा असणे कठीण. संशय फिलामेंटच्या तारांवर. वीज बंद करून ईसीसी ८३ काढला, पुन्हा सुरू केले, तर आवाज नाही. पाहतो तो काय, फिलामेंटच्या तारा त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला खेटून गेलेल्या! त्या एकमेकींना पीळ देऊन चॅसिसच्या कडेने नेल्या आणि अँप्लिफायर शांत झाला.

संमेलनात गिटार वाजली, टाळ्याही पडल्या. पण माझ्या लक्षात राहिली ती मनगटावरची पकड. दोष कळेपर्यंत निम्मे निम्मे वगळत जावे, हे शिकलो. त्याहून मोठी गोष्ट ही, की नकोशी बातमी आणणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये. अँप्लिफायरमध्ये तर नाहीच. पण मित्रहो, इतरत्र तरी का घालावी?