फ्यूज शाबूत, प्लग मात्र जळाला

कापडाच्या धंद्यात आम्ही आयुष्यभर मीटर आणि वाराचा हिशेब केला. विजेचा हिशेब फक्त बिल आले की पाहिला. एकदा आमच्या शिलाईच्या गाळ्यात इस्त्रीच्या टेबलामागचा प्लग काळा पडून वितळला आणि शेजारच्या थानांना धग लागली. दोन थाने वाया गेली. फ्यूज मात्र शाबूत! असे का झाले, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घ्यावे.

व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, करंट म्हणजे तारेतून वाहणारी वीज आणि रेझिस्टन्स म्हणजे तिच्या वाटेतला अडथळा. जर्मनीतील शिक्षक गेऑर्ग ओहम (वडील कुलपे बनवणारे कारागीर होते) यांनी वेगवेगळ्या लांबी-जाडीच्या तारांवर प्रयोग करून १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला. व्होल्टेजला रेझिस्टन्सने भागले की करंट मिळतो.

आता गाळ्यात या. हजार वॅटच्या इस्त्रीचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. २३० भागिले ५३, म्हणजे ४.३ अँपिअर. दोन इस्त्र्या एका वायरीवर चालल्या की आठ-साडेआठ अँपिअर. मीटरपासून टेबल ४० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर तार झाली. एक एमएमची तांब्याची वायर टाकली असेल, तर तिचाच अडथळा दीड ओहमच्या आसपास. बारा व्होल्ट वाटेतच गेले आणि शंभराच्या जवळपास वॅट नुसती वायर तापवण्यात. बिल मात्र पुरे येते. अडीच एमएमची वायर असती तर पाचच व्होल्ट पडले असते.

लांब वायरीची उष्णता निदान चाळीस मीटरभर पसरते. ढिल्या जोडाचे तसे नाही. तिथे एक ओहम अडथळा आला की आठ अँपिअरला साठाहून अधिक वॅट नखाएवढ्या जागेत पेटतात. रेडिओवाल्याचे डाग देण्याचे यंत्र २५ वॅटचे असते, यावरून अंदाज करा. आणि अडथळा वाढला म्हणून करंट किंचित घटतोच. मग फ्यूज उडेल कशाला? तो जास्त करंटचा पहारेकरी आहे, ढिल्या स्क्रूचा नाही.

लूमवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. मोटरीला हा सरळ भागाकार लागत नाही. व्होल्टेज पडले की इस्त्री कमी करंट घेते, पण चालती मोटर तोच भार ओढायला उलट जास्त घेते आणि तापते.

आमच्याकडे आता दर महिन्याला मेन स्विच बंद करून वायरमन सगळे स्क्रू आवळून जातो. प्लगच्या पिना काळ्या दिसल्या की प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलतो. एकच बदलले तर जुन्याची काजळी नव्याला लागते.