शेतीचा कार्यक्रम एक, मते अनेक : पाहिलेला सल्ला कसा पारखावा?

दूरदर्शनवर शेतीचा किंवा फळबागेचा एखादा कार्यक्रम झाला, की दुसऱ्या दिवशी पारावर त्याची चर्चा होते. एक जण म्हणतो, ‘फार उपयोगी माहिती होती.’ दुसरा म्हणतो, ‘आम्ही करून पाहिले, पैसे पाण्यात गेले.’ तिसऱ्याचे म्हणणे असे, की हे सगळे बागायतदारांसाठी आहे, कोरडवाहूवाल्याचा त्यात काय संबंध? अशी उलटसुलट मते ऐकून नवीन शेतकरी गोंधळून जातो. एक तर तो सगळेच सोडून देतो, नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो. दोन्हींत नुकसान त्याचेच होते, कारण चुकलेला हंगाम परत मिळत नाही. म्हणून ही मते वेगळी का पडतात आणि त्यांतून आपल्या उपयोगाचे काय निवडावे, याचा या लेखात विचार केला आहे.

थोडी पार्श्वभूमी

आपल्या देशात शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम मराठी शेतकऱ्यांच्या घराघरांत पोहोचला. २६ मे २०१५ पासून शेतीसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी आली. सुरुवातीच्या काळात गावात एखादाच संच असे. लोक एकत्र बसून कार्यक्रम पाहत आणि तेथेच एकमेकांना विचारत, ‘त्याची जमीन कसली होती रे?’ आता प्रत्येक जण आपापल्या घरी किंवा मोबाईलवर पाहतो. मत तेवढे गावभर फिरते, पण त्यामागची जमीन, पाणी आणि तारीख मागे राहते. मतभेदाचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

दोघेही खरे बोलतात

पुढील तीन उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल.

१) जिप्समचा वापर : खराब झालेल्या ऊसपट्ट्यात जिप्सम टाकून जमीन सुधारल्याचे दाखवले जाते. ते पाहून दोन शेजारी जिप्सम टाकतात. एकाची जमीन सुधारते, दुसऱ्याची सुधारत नाही. पहिल्याची जमीन चोपण असते, म्हणजे सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निचऱ्यावाटे निघून जातो. दुसऱ्याची जमीन क्षारयुक्त असते. तिच्यात विद्राव्य क्षार जास्त, म्हणजे विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असते, पण सामू ८.५ पेक्षा कमी असतो. तेथे चर काढून, चांगले पाणी देऊन क्षार धुऊन काढणे हाच उपाय आहे. जिप्समने तेथे काही साधत नाही. चोपण जमिनीतही निचऱ्याची सोय नसेल, तर सुटलेला सोडियम जागच्या जागी राहतो. जिप्सम तेच, पण दुखणे निराळे.

२) रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन : भारी काळ्या जमिनीत जोराचा पाऊस झाला, की सपाट रानात पाणी साचते आणि पीक पिवळे पडते. रुंद वरंब्यावर पेरले असता जादा पाणी सरीतून निघून जाते, तर पावसात खंड पडल्यास सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते. अशा शेतकऱ्याला ही पद्धत आवडणारच. परंतु हलक्या मुरमाड जमिनीत पाणी मुळातच साचत नाही, त्यामुळे तेथे तेवढा फरक दिसत नाही. तसेच एखाद्या वर्षी पाऊस बेताचा आणि वेळेवर झाला, तर भारी जमिनीतही दोन्ही पद्धतींचे पीक सारखेच दिसू शकते. त्या एका वर्षावरून पद्धत निरुपयोगी ठरवणे बरोबर नाही.

३) डाळिंबाचा बहार : आंबे बहाराची टपोरी, डागविरहित फळे पडद्यावर पाहून मोह होतो. पण हा बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरला जातो आणि फळे ऐन उन्हाळ्यात पोसतात. ज्याची विहीर मार्चमध्येच तळ गाठते, त्याच्यासाठी तो सल्ला नाही. मृग बहाराला पावसाचे पाणी मिळते, मात्र दमट हवेमुळे तेल्या रोगाचा धोका वाढतो. बाग ताणावर सोडण्याचा काळही जमिनीप्रमाणे बदलतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत वेळ लागतो. दुसऱ्याचे दिवस मोजून आपल्या बागेचे पाणी तोडू नये.

काही तक्रारी रास्त आहेत

प्रेक्षकांच्या सर्वच नाराजीचे कारण जमिनीत शोधता येणार नाही. कार्यक्रमात यशस्वी शेतकरी दिसतो, तेच करून फसलेले दिसत नाहीत. उत्पादन सांगितले जाते, पण मजुरी, मांडव, ठिबक आणि कर्जाचे व्याज यांचा हिशेब बहुधा येत नाही. ‘एकरी एवढे लाख मिळाले’ असे ऐकल्यावर ती रक्कम खर्च वजा जाता आहे की एकूण, हे पाहावे. त्या वर्षीचा बाजारभावही विचारात घ्यावा, कारण एका वर्षीचा चढा भाव हे पद्धतीचे यश नव्हे.

दुसरी बाब जुन्या चित्रणाची. मोबाईलवर अनेक वर्षांपूर्वीचे कार्यक्रम पुन्हा पुन्हा फिरतात. एकेकाळी सर्रास शिफारस होणाऱ्या एन्डोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, पण त्यापूर्वीच्या चित्रणात त्याचे नाव ऐकू येणारच. म्हणून औषधाची शिफारस ऐकल्यावर कार्यक्रमाचे वर्ष पाहावे. ते औषध आज चालू आहे का, आपल्या पिकासाठी लेबलवर त्याची नोंद आहे का आणि फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, याची खात्री करूनच ते विकत घ्यावे.

कार्यक्रम पाहताना वहीत टिपावयाच्या बाबी

• गाव, तालुका आणि तेथील साधारण पाऊस
• जमीन हलकी, मध्यम की भारी. माती परीक्षण केले होते का?
• पाण्याची सोय कोणत्या महिन्यापर्यंत?
• वाण, लागवडीची तारीख व अंतर
• खत-औषधांची मात्रा : ती एकरी की हेक्टरी?
• एकूण खर्च आणि विक्रीचा भाव

यांपैकी जमीन, पाणी आणि तारीख या तीन बाबी आपल्याशी जुळत नसतील, तर सल्ला चांगला असूनही आपल्यासाठी नाही असे समजावे.

आपल्या शेतात चाचणी कशी घ्यावी?

सल्ला जुळतो असे वाटले, तरी पहिल्याच वर्षी सर्व रानात अवलंब करू नये. एकसारख्या जमिनीचे शेजारी-शेजारी दोन पट्टे निवडावेत. एकात नवीन पद्धत, दुसऱ्यात नेहमीची. वाण, पेरणीची तारीख, खत व कोळपणी दोन्हींकडे सारखीच ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. काढणीच्या वेळी बांधाकडील ओळी सोडून प्रत्येक पट्ट्यात १० मीटर × १० मीटर क्षेत्र आखावे आणि त्यातील उत्पादन वेगळे वाळवून वजन करावे. हे क्षेत्र जवळजवळ १ गुंठा भरते. त्यामुळे आलेल्या फरकाला ४० ने गुणले, की एकरी फरक मिळतो.

समजा, नवीन पद्धतीच्या पट्ट्यात सोयाबीन २ किलो जास्त आले. म्हणजे एकरी ८० किलो. भाव किलोला ४५ रुपये धरल्यास ३,६०० रुपये जास्त मिळतील. नवीन पद्धतीचा जादा खर्च एकरी १,५०० रुपये असेल, तर निव्वळ फायदा २,१०० रुपये. तोच खर्च ४,००० रुपये असेल, तर उत्पादन वाढूनही तोटाच. पाऊस दरवर्षी सारखा नसतो, म्हणून दोन-तीन हंगाम चाचणी घ्यावी. जमीन सुधारणेसारख्या कामाचा परिणाम एका पिकात पूर्ण दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मत देतानाही काळजी घ्यावी

आपले मत ऐकून शेजारी पैसे खर्च करतो. म्हणून ‘चांगले’ किंवा ‘बेकार’ एवढेच न सांगता, ‘माझ्या भारी जमिनीत, जूनच्या शेवटच्या आठवड्यातील पेरणीला, अमुक पावसात असे झाले’ असे सांगावे. मग दोन विरुद्ध मतेसुद्धा गावाला शिकवून जातात. फसलेला प्रयोगही लपवू नये, त्याचा उपयोग यशाइतकाच होतो. येत्या हंगामापूर्वी माती परीक्षण करून घ्यावे आणि वहीतील नोंदी घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांशी चर्चा करावी. त्यानंतर चाचणीचे दोन पट्टे आखून ठेवावेत.